गुरुवारची सावड

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या पत्नीने कंपनीकडे पाठवायच्या वार्षिक उद्दिष्टांत एकच वाक्य लिहिले: ‘वर्षअखेरपर्यंत कराचा भाग माझ्याशिवाय चालला पाहिजे.’ तिच्या मॅनेजरबाईंचा त्याच दुपारी फोन आला.

‘हे उद्दिष्ट आहे की राजीनामा?’

‘उद्दिष्ट आहे, मॅडम.’

‘मग यात तू काय करणार, ते कुठंय?’

‘मला काही करावं लागू नये, हेच तर उद्दिष्ट आहे.’

ती सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्याची आणि ती काम करते बीडमधल्या आमच्या घरातून, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. औषधांच्या ठोक विक्रेत्यांची बिले ज्या सॉफ्टवेअरवर निघतात, ते सांभाळणाऱ्या गटात चौघे आहेत. ती बीडला, दोघी नागपूर आणि नाशिकला, एक जण पुण्यात. प्रत्येकाकडे एक भाग. तिच्याकडे कराचा भाग होता. तो सर्वांत जुना. लिहिणारे कधीच कंपनी सोडून गेले होते. परत आलेल्या मालाच्या बिलावर कर चुकला की चूक कुठे आहे हे तिलाच सापडायचे. महिनाअखेर आली की जेवताना फोन ताटाशेजारी असायचा.

त्याच्या आधीच्या वर्षी तिने उद्दिष्टांची लांबलचक यादी दिली होती. नवी भाषा शिकणे, परीक्षा देणे, चाचण्या वाढवणे. जवळजवळ सगळी पुरी केली. शेरा आला, ‘अपेक्षेप्रमाणे’. बढती नाही. कारण विचारल्यावर मॅनेजरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ‘तुला वर घेतलं तर कर कोण बघणार?’

याच सुमारास कंपनीने कळवले की पुढच्या वर्षीच्या जूनपासून इंजिनिअरांना पुण्याच्या कार्यालयात बसावे लागेल. सीनियर आणि त्यावरच्यांना जागा निवडण्याची मुभा राहील. माझी नोकरी बीडच्या एका दैनिकात, मुलगी इथल्या शाळेत. म्हणजे त्या वर्षात बढती मिळाली नाही तर तिने एकटीने पुण्याला राहायचे किंवा नोकरी सोडायची. एका वाक्याच्या उद्दिष्टाचा हा अर्थ घरात सर्वांना माहीत होता. यादीऐवजी एकच वाक्य का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘मागच्या साली बाकी सगळं केलं की. अडलंय ते एवढंच हाय.’

आपले काम दुसऱ्याला शिकवायचे तर दुसऱ्याकडे वेळ हवा. प्रत्येक जण आपापल्या भागात बुडालेला. तिने सुचवलेली रीत तिच्या माहेरची होती. माहेर गेवराई तालुक्यात, उमापूरला. तिथे पेरणी-खुरपणीला सावड होते. आज तुमच्या रानात सगळे, उद्या आमच्या रानात सगळे. मजुरी कोणी कोणाला देत नाही, पाळी मात्र फिरते. तिने गटापुढे मांडले की दर गुरुवारी दुपारी चौघांनी मिळून एकाच्याच भागावर बसायचे. आठ-दहा आठवडे एकाचा भाग, मग दुसऱ्याचा. ज्याचा भाग त्याने दाखवायचे, बाकीच्यांनी हात चालवायचे. तिघांनीही होकार दिला. ‘सावड’ हा शब्द तिने त्यांच्यापुढे वापरला नाही. ऑफिसच्या कॅलेंडरवर त्याला ‘गुरुवारची बैठक’ म्हणत.

पाळी लावताना तिने स्वतःला शेवटी ठेवले. सावड बोलावणाऱ्याचे रान शेवटी, हा तिच्या वडिलांचा नियम. मी म्हटले, वर्षाची मुदत तुझ्या उद्दिष्टाला आहे, त्यांच्या नाही. तिने ऐकले आणि यादी तशीच पाठवली.

उन्हाळ्यात नागपूरचा भाग झाला, पावसाळ्यात नाशिकचा. मग पुण्याच्या सहकाऱ्याचा, जो सर्वांत गुंतागुंतीचा होता. त्यासाठी ती सकाळी लवकर उठून त्याचा कोड वाचत असे. त्याच्या भागातला एक जुना दोष तिनेच शोधला. दिवाळीनंतर तिची पाळी आली. पहिल्या गुरुवारी नागपूर आणि नाशिकच्या दोघी आल्या. पुण्याचा आला नाही. दुसऱ्या गुरुवारी त्याचा निरोप आला, ‘नव्या व्हर्जनचं रिलीज आहे, या वेळी जमणार नाही, तुम्ही चालू द्या.’ तिसऱ्या वेळी निरोपही नव्हता.

अडचण अशी होती की उद्दिष्ट मोजायचे कसे, हे मॅनेजरबाईंनी तोवर ठरवले होते. जानेवारीअखेर हिने रजेवर जायचे, फोन बंद ठेवायचा. काही बिघडले तर ज्याची ड्युटी असेल त्याने निस्तरायचे. पाळीपत्रकात त्या आठवड्याची ड्युटी पुण्याच्या सहकाऱ्याची होती.

त्या दिवसांत माझे सासरे बाजारात कापूस घालून आमच्याकडे मुक्कामी आले. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी चहा हातातच धरून ठेवला.

‘कावून अशी बसली, माय?’

‘सावडीला एक जण येईना झालाय, आबा. त्याचं काम झालं, आता आमच्याकडं फिरकत न्हाई.’

‘त्याचं रान आधी उरकलं?’

‘हो की.’

‘मंग सोपं हाय. त्याच्या बांधावर पुन्हा पाय द्यायचा न्हाई. आमच्याकडं एकानं असंच केल्तं. दुसऱ्या साली त्याच्या खुरपणीला कुत्रं आलं न्हाई. घरचीच माणसं घेऊन बसलं बिचारं.’

‘आबा, मला दुसरं साल न्हाई. अन् त्याला कुठं ठाऊक हाय की ही सावड हाय? मीच कधी सांगितलं न्हाई.’

‘त्यात सांगायचं काय? लेकराला बी कळतंय.’

‘उमापूरच्या लेकराला कळतंय.’

सासरे माझ्याकडे वळले. ‘जावईबापू, ही लहानपणापासून अशीच. शेवटचा शब्द हिचाच.’ मी म्हटले, मला बारा वर्षांचा अनुभव आहे. ते चहा प्यायले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी तिने पुण्याच्या सहकाऱ्याला स्पीकरवर फोन लावला. तक्रार मॅनेजरकडे करता आली असती. तिने ती केली नाही. मी त्याच खोलीत वर्तमानपत्रे चाळत होतो.

‘तुझ्या भागावर आम्ही तिघी अडीच महिने बसलो. ते काय होतं, असं तुला वाटतं?’

पलीकडून तो म्हणाला, ‘मदत. मी तर इथं सगळ्यांना सांगतो, बीडची माणसं फार चांगली.’

‘चांगली-बिंगली काही नाहीत. परतफेड मागतात. पुढचे सगळे गुरुवार तू माझ्या रानात यायचंस.’

‘रानात?’

‘कोडमध्ये रे.’

तो हसला. मग म्हणाला, ‘अगं, हे आधी सांगायचं ना. मला वाटलं, ज्याला जमेल त्यानं यायचं.’

‘आधी सांगायला हवं होतं, खरंय. आता सांगतेय.’

रिलीजची तारीख खरीच जवळ होती. त्याने शनिवार सुचवला. तिने गुरुवारच धरून ठेवला, कारण बाकीच्या दोघी गुरुवारी असत आणि तिघांनी एकत्र शिकणे तिला हवे होते. शेवटी त्याने स्वतः मॅनेजरबाईंशी बोलून गुरुवारची दुपार मोकळी करून घेतली. डिसेंबरपासून तो एकही बैठक चुकला नाही.

त्या बैठका मी दारातून पाहिल्या आहेत. तिची पद्धत अवघड होती. स्क्रीन त्याच्याकडे, कीबोर्ड त्याच्याकडे. तो अडला की ती थांबे. उत्तर ओठांवर आले की माइक बंद करी, भिंतीकडे तोंड करून उत्तर मोठ्याने म्हणे आणि माइक पुन्हा चालू करून विचारी, ‘बरं, पुढे?’ जी गोष्ट तिने मिनिटात केली असती, त्या गोष्टीला अख्खी दुपार जाई. त्याच्या प्रश्नांतून तिला कळत गेले की कितीतरी गोष्टी फक्त तिच्या डोक्यात आहेत. बैठक संपली की ती त्या लिहून काढी. मी वीस वर्षे लोकांच्या मजकुरावर हात फिरवतो आहे. समोरच्याची चूक दिसत असताना हात आवरणे किती कठीण असते, हे मला ठाऊक आहे. तिने तो दोन महिने आवरला.

जानेवारीअखेर ती मुलीला घेऊन उमापूरला गेली. फोन बंद करून माझ्याकडे ठेवला. ‘मी मागितला तरी देऊ नका.’ रात्री सासऱ्यांच्या फोनवरून तिने मला विचारले, जेवलात का, पाणी आले का. ऑफिसचे काही विचारले नाही. सासऱ्यांनी नंतर सांगितले की दिवसभर ती रानात हरभऱ्याच्या कडेने फिरत होती आणि घाटे तोडून खिशात भरत होती, खात नव्हती.

परतल्यावर तिने फोन चालू केला आणि सगळे निरोप उभ्यानेच वाचले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका विक्रेत्याच्या परत आलेल्या मालावर कर दुप्पट लागत होता. पुण्याच्या सहकाऱ्याने आधी चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती केली, ती मागे घेतली, मग बरोबर जागा शोधली. नागपूर आणि नाशिकच्या दोघींनी तपासून दिले. संध्याकाळपर्यंत बिले पुन्हा निघू लागली होती. कोणीही तिला फोन लावला नव्हता.

‘लई वेळ लावला त्यानं,’ ती म्हणाली. निरोप पुन्हा एकदा वाचून म्हणाली, ‘पण जागा बरोबर सापडली.’ मग तिने सासऱ्यांना फोन केला.

‘सावड फिरली, आबा.’

‘आलं का ते पुण्याचं?’

‘आलं. चांगलं खुरपलं.’

मार्चमध्ये आढावा झाला. मॅनेजरबाईंनी जानेवारीअखेरची नोंद वाचून दाखवली आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्र आले. पद सीनियर इंजिनिअर. कामाचे ठिकाण बीड. कराच्या भागाची जबाबदारी त्याच दिवसापासून पुण्याच्या सहकाऱ्याकडे गेली आहे.