उत्तमरावांची शुगर

विठ्ठलवाडीच्या उत्तमराव साळुंखेंना शुगर निघाली, तेव्हा त्यांना आधी वडील आठवले. याच आजारात वडिलांचा पाय कापावा लागलेला. कोणाला सांगू नकोस, असं त्यांनी बायकोला बजावलं. शीलाने फक्त बहिणीला सांगितलं. रविवारी सगळे नातेवाईक बघायला आले. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून केळी, चिकू आणि आंब्याचा रस घेऊन आले. उत्तमरावांनी ते सगळं निमूटपणे वॉचमनला दिलं, भात सोडला आणि रोज चालायला लागले. दिवाळीच्या आत शुगर आटोक्यात आली.

मेहुणी म्हणाली, "दाजी, मग पेढे कुठायत?"

त्यांनी आणले. पहिला पेढा तिने त्यांनाच भरवला. म्हणाली, "आजच्या दिवशी चालतं."

वडील हे रोज म्हणायचे.