ज्याची तक्रार, त्यानेच पुसायची

उंडीवाडीच्या नाक्यावर, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला एक काळा फळा आहे. आदरणीय कुंदाताई पिलणकर यांची आणि माझी पहिली ओळख त्या फळ्यापाशी झाली. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे "दोन चांगले शब्द" मागितले आहेत. शब्द दोनावर थांबणार नाहीत, आणि ते सगळे चांगले असतील अशी हमी मी देत नाही.

मी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा माणूस. मांडवीच्या अलीकडे आमची ही वाडी. लग्न होऊन वर्ष झालेलं आणि घरच्या नळाला पाण्याचा थेंब नाही. ताई तेव्हा बालवाडी चालवायच्या आणि नुकत्याच नगरसेविका म्हणून निवडून आल्या होत्या. मी त्यांच्या ओटीवर जाऊन तावातावाने बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात खडू ठेवला.

"फळ्यावर लिही. खाली नाव घाल. निनावी तक्रार आपण घेत नाय."

मी लिहिलं. पुढे पाइप बदलला, पाणी आलं. एके सकाळी ताई स्वतः दारात हजर. "चल, पुसायला."

"तुम्हीच पुसा की ताई."

"मी पुसून काय उपयोग? पाणी तुझ्या घरात येतंय ना? मग झालं की नाय ते तू सांगायचंस."

ज्याची तक्रार, त्यानेच पुसायची, हा ताईंचा नियम. तक्रारदार वारला तर बाराव्यानंतर वाडीने ती ओळ पुसायची. त्या फळ्याला नगरपालिकेचे कर्मचारी घाबरत आणि ताई स्वतःही घाबरत. निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्याविरुद्धच्या ओळी फळ्यावर तशाच होत्या. कार्यकर्ते म्हणाले, निदान मतदानापर्यंत तरी पुसू या. ताई म्हणाल्या, "लिहिणाऱ्यांच्या घरी गटाराचं पाणी शिरतंय, ते मतदानापर्यंत थांबणाराय काय?" त्या निवडणुकीत ताई पडल्या. गटार मात्र त्यांनी पद गेल्यावर पाठपुरावा करून बांधून घेतलं.

माझी थोरली बहीण नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. ताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला पहिलं बोलावणं धाडलं. ती गेली नाही, आतल्या खोलीत बसून राहिली. तासाभराने पाहतो तर ताई पंधरा-वीस बायका घेऊन आमच्या ओटीवर! पुढे मच्छीमारांच्या खारवीवाड्यातल्या बाया, मागे मोहल्ल्यातल्या रुकय्याचाची. "येत नाय ना ती? मग आम्ही आलो. चहा टाक." माझी बहीण त्या दिवशी ढसाढसा रडली आणि मग तिनेच सगळ्यांना तिळगूळ वाटला. हे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

वाडीच्या मध्ये एक मोकळी जागा होती. जाळ्याची जागा म्हणायचे सगळे. तिथे जाळी विणली जायची, शिमग्याला पालखी नाचायची, मोहल्ल्यातल्या लग्नाचा मांडव पडायचा, आणि एरवी पोरं क्रिकेट खेळून खिडक्या फोडायची. या जागेवरचं मैदानाचं आरक्षण उठवून तिथे इमारत होणार, अशी नोटीस निघाली. हरकती द्यायला मुदत होती. हरकतीचा अर्ज मीच टाइप केला. चांगला केला होता, अगदी वकिलाच्या तोंडात मारील असा.

पण ताईंचा आणखी एक नियम होता. वाडीच्या नावाने जाणाऱ्या कागदावर प्रत्येक घराची सही हवी. एकही घर राहिलं तर कागद हलायचा नाही. सगळ्या घरांच्या सह्या झाल्या. राहिलं एकच घर, आणि ते माझं!

घर आम्हा दोघा भावांच्या नावावर. दादा मुंबईला. फोनवर म्हणाला, "बिल्डिंग आली तर आपल्या घराला भाव येईल. तू गप राहा." मी गप राहिलो. ताईंना सांगितलं, "दादा गणपतीला येतोय, तेव्हा दोघं मिळून सही करतो." खोटं नव्हतं ते, दादा येणार होताच. पण तो सही करणार नाही हे मला ठाऊक होतं आणि मुदत गणपतीआधीच संपते हेही ठाऊक होतं. तारीख मीच टाइप केली होती ना!

लोक ताईंच्या मागे लागले, एका सहीवाचून अर्ज देऊन टाका. ताई म्हणाल्या, "आज एक घर वगळलं तर ते घर कायमचं बाहेर पडतं. थांबू या. तो करील सही." आपापल्या नावाने वेगळा अर्ज कुणीही देऊ शकला असता. पण इतक्या वर्षांत एकट्याने काही करायची सवयच वाडीला उरली नव्हती. मुदत संपली आणि दादा गणपतीला येऊन मोदक खाऊन गेला. हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

आता त्या जागेभोवती पत्रे ठोकलेत. जाळी रस्त्याकडेला विणतात आणि गाड्यावाल्यांच्या शिव्या खातात. यंदा पालखी दोन मोटारींच्या मधून नाचवली, तीही उरकून घेतल्यासारखी. तक्रारी मोबाइलवरच्या ग्रुपात येतात, चारजण अंगठा दाखवतात, संपलं काम. फळ्यावर अर्धाअधिक काळ कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर लटकत असतो. ताईंचा सत्कारही भाड्याच्या हॉलमध्ये आहे, कारण वाडीत मांडव घालायला जागा नाही. पत्रिकेवर शुभेच्छुक म्हणून सर्वांत मोठं नाव त्या इमारत बांधणाऱ्याचं आहे. आपण इतके कसे निर्लज्ज झालो, असं विचारावंसं वाटतं. पण मी कुठल्या तोंडाने विचारू?

फळ्यावर आज एकच ओळ आहे. "जाळ्याची जागा वाडीला परत मिळावी. – कुंदा पिलणकर." दर पावसात ती धुऊन जाते आणि पाऊस सरला की ताई पुन्हा लिहितात. यंदा त्या स्टुलावर चढून लिहीत असताना मी स्टूल धरलं. लिहून झाल्यावर त्या खाली उतरल्या आणि खडू माझ्यापुढे धरला.

"घे. तुझी सही राहिली होती ना?"

आवाजात राग नव्हता. म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं, आणि तरीही त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी म्हटलं, "उद्या करतो, ताई." त्यांनी खडू पिशवीत टाकला आणि माझा हात धरून घरापर्यंत चालत आल्या.

ताई, ही जागा परत मिळेल असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर तुम्हालाही वाटत नसावं. तरी तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, हात-पाय धड राहोत, पुढची कित्येक वर्षं पाऊस सरल्यावर तुम्ही त्या स्टुलावर चढत राहा. यात माझा स्वार्थ आहे, तो कबूल करतो. तुमच्यामागे ती ओळ पुसायला वाडी मलाच पुढे करील, आणि त्या ओळीखाली माझं नाव अजून नाही.