कचरूनं न काढलेलं चित्र

आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात मी गेटवर होतो आन् कचरू वायरमन. माणूस लई नेमाचा. डब्यातली भाकरीसुद्धा मोजून चार घास. तर तिथल्या पत्रा दाबणाऱ्या तीन नंबरच्या प्रेसची सगळी अक्कल एका पेटीत असायची. पेटीला हुकूम द्यायचे ओळीनं, यादी करून. त्याच यादीचं शिडीसारखं चित्र कचरू हातानं काढून मशीनपाशी लावायचा. यादी वाचणारा तो एकटा. बाकीचे चित्रावर विसंबायचे.

अठ्ठ्याऐंशी साली प्रेसच्या तोंडावरच्या जाळीचा स्विच बिघडला; जाळी उघडली की प्रेस थांबवायचा तो. नवा येईपर्यंत प्रेस चालावी म्हणून कचरूनं यादीतून त्याची ओळ काढली. चित्र उद्या करू म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला गेला. इकडं प्रेसवरच्या सोनाजीनं चित्र बघितलं, जाळी उघडली की प्रेस थांबणार असं धरलं आन् हात घातला. चार बोटं गेली.

परत आल्यावर कचरूनं नवा स्विच बसवला, ओळ पुन्हा लिहिली. चौकशीत चित्रही बरोबर, स्विचही बरोबर. सोनाजी निष्काळजी ठरला, घरी बसला. कचरू गप्प. बोललो तर लोक मोर्चालाच नावं ठेवतील, असं तो स्वतःला समजवायचा. पण नवं चित्र काढायला बसला की पट्टीच्या पलीकडं कागद दाबून धरलेली आपलीच चार बोटं त्याला दिसायची.

चौऱ्याण्णवला नामांतर झालं, त्याच साली कंप्युटर आला. ओळ बदलली की चित्र आपोआप बदलायचं, चित्र बदललं की ओळ. साहेब म्हणाले, "जुन्या याद्या सगळ्या भरून टाक."

भरता भरता त्याच्या याद्यांच्या वहीत ते पान आलं, जाळीची ओळ काढलेल्या दिवसाचं.

"गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं, नाना?" कचरू मला म्हणाला. "पण भरलं. पडद्यावर शिडी उगवली आन् जाळीच्या जागी नुसती सरळ रेघ."

तो कागद छापून सायकलीवर तो चितेगावला गेला. सोनाजी अंगणात मेंढ्यांना पाला टाकत होता.

"तुझा हात गेला त्या दिवसाचं चित्र हाय हे. जाळीचा स्विच नव्हताच. ओळ मी काढली व्हती, चित्र बदललं नाय."

सोनाजी कागद बघत राहिला. आतून त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं विचारलं, "कोण आलंय?"

"कचरू. म्हणतो, हात घालणारा मी येडा नव्हतो."

"सहा वर्षांनी सांगायला आलाय का?"



"साहेबापुढं बोलशील?" सोनाजीनं कचरूला विचारलं.

"बोलीन."

"नोकरी जाईल तुझी."

"व्हय."

सोनाजीनं अर्ध्या हातानं कागदाची घडी केली, खिशात घातली आन् सायकलच्या कॅरियरवर जाऊन बसला.