सवतीचा टाक

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चांदीचे टाक ठोकणारे एक मामा बसतात. देव्हाऱ्यातले देव आणि घरातली गेलेली माणसं त्यांच्या ठशांवरून पत्र्यावर उमटतात. गिऱ्हाइकाला ते एवढंच विचारतात, "बाई का बुवा?" माणूस कशानं गेलं, हे कधीच नाही. डोळे कोरून झाले की टाक पालथा ठेवतात.

मागच्या महिन्यात मी तिथं बसलो असताना एक माणूस चांदी घेऊन आला. त्याचं लग्न ठरलं होतं. नवी बायको आधीच्या मेलेल्या बायकोचा टाक गळ्यात घालते, तसा त्याला हवा होता. मामांनी त्याला निरखून पाहिलं.

"मागं न्हेला हुता की तुमी."

"तो पहिलीचा. हा दुसरीचा."

"कशानं गेली?"

"भाजली."

"आनि पहिली?"

त्यानं चांदी पुढं सरकवली. मामांनी चांदी परत केली. "बाईचा ठसा न्हाय माझ्याकडं." ठसा त्यांच्या मांडीपाशीच होता.

काल मी म्हणालो, "बरं केलंत, मामा."

त्यांनी मान वर केली नाही. "समोरच्या टाकवाल्यानं दिला की करून," ते म्हणाले. "नवी पोरगी आता दोन घालतीया गळ्यात."