दोनच्या ऑटोने घरी जाणारी मुलं

पंधरा डिसेंबर. सकाळी धुकं, दहानंतर स्वच्छ ऊन. स्वेटर घालून गेलो, हातात घेऊन परतलो.

विसरलेल्या छत्र्या आणि किस्से, या दोन गोष्टी आमच्या खोलीत आपोआप साठत जातात. छत्र्या न्यायला कुणी येत नाही. आणि किस्सा ज्याचा असतो तोच सर्वांत आधी म्हणतो, "मेरा नहीं है अंकल, किसी और का होगा!" म्हणून छत्र्या मी कोपऱ्यात उभ्या करून ठेवतो आणि किस्से रात्री डायरीत लिहितो.

खोलीवर पाटी आहे 'विद्यार्थी उपक्रम कक्ष'. आत एक ढोलक, नेट नसलेलं टेबल टेनिसचं टेबल, आणि आम्ही तिघं. सोनकुसरे मॅडम प्रमुख. मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन भिलाईत आल्या, शिकवतात केमिस्ट्री. टिकेश्वरी थर्ड इयरची विद्यार्थी प्रतिनिधी. तिने खोलीतून चहा मागवला तर कँटीनवाल्याला माइकशिवाय ऐकू जातं! आणि तिसरा मी, ऑफिस असिस्टंट ढोबळे.

आमचं काम एकच. फर्स्ट इयरच्या मुलांना दोननंतर कॉलेजात थांबवायचं. दोनला शेवटचा तास सुटतो, गेटबाहेर शेअर ऑटो रांगेत उभे असतात, आणि पाच मिनिटांत कॉलेज असं रिकामं होतं की जणू आज सुट्टीच होती.

"हे पोट्टे थांबत कावून नाही, ढोबळेजी?" मॅडम दर वर्षी जुलैत विचारतात.

"घरी जेवण असते, मॅडम."

"मंग आपण इथंच देऊ ना!"

इथून सगळं सुरू झालं.

*

स्वागत समारंभाला कॅम्प-1 च्या बाजारातून समोसे मागवले. मॅडमनी आधी समोसे, मग भाषण असं ठेवलं. मुलं आली, समोसे खाल्ले, चटणी पुन्हा मागितली, कागद नीट डब्यात टाकले आणि गेली. भाषणाला मी, टिकेश्वरी आणि समोसेवाला उरलो. त्याला भांडी परत न्यायची होती.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी क्रम उलटा केला. आधी भाषण, मग समोसे. हॉल रिकामा. मॅडम रिकाम्या खुर्च्यांना कॉलेजची परंपरा सांगत राहिल्या. त्यांचं "धन्यवाद" झालं आणि दारातून दीडशेक मुलं आत आली!

टिकेश्वरी म्हणाली, "मैडम, अगली बार भाषण को समोसे के अंदर भरवा दो."

*

मग मॅडमनी सहल ठरवली. रविवारी, म्हणजे कुणाचा तास बुडणार नाही. आली मोजून एक ऑटोभर मुलं.

सोमवारी मॅडम वर्गात गेल्या. "काल कावून नाही आले तुम्ही लोक?"

एक मुलगी उभी राहिली. "मैडम, हमारा संडे बुधवार को होता है."

तिचं खरंच होतं. वडील स्टील प्लांटमध्ये, त्यांचा वीकली ऑफ बुधवारी. मटण बुधवारी, कपड्यांना इस्त्री बुधवारी, आत्याकडे जाणं बुधवारी. रविवारी वडील ड्यूटीवर, तो दिवस घरात साध्या वरणाचा. मॅडमनी हात वर करायला सांगितले. कुणाचा संडे मंगळवारी, कुणाचा शुक्रवारी. अख्खा आठवडा भरला.

मॅडम स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ढोबळेजी, या गावात रोजच रविवार हाये. सहल न्यायची तं कधी न्यायची?"

*

फोटोग्राफी क्लबच्या पहिल्या बैठकीला कोहक्याचा एक मुलगा आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना जेल, काळा चष्मा. बाकी कुणीच आलं नाही. अर्धा तास तो खिडकीतल्या उजेडात बसून राहिला. मी चहा दिला, तो जपून प्यायला, शर्टावर सांडू नये म्हणून.

शेवटी त्याने विचारलं, "अंकल, फोटो खींचने वाले कब आएँगे?"

*

एकदा मॅडमचा घसा बसला, तर माइक माझ्या हातात दिला. आम्ही रेल्वेवाले. माझे वडील दुर्ग लाइनवर होते, क्वार्टर रुळांना चिकटून. आमच्या घरात गाडी आली की माणूस बोलता बोलता थांबायचा आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचा. भांडणंसुद्धा अशीच चालायची. आई मालगाडीभर थांबून, कमरेवर हात ठेवून, मग उरलेलं बोलायची!

तर मी म्हणालो, "बच्चों, कॉलेज तुम्हारा दूसरा घर है, और घर में जो आदमी..." आणि कॉलेजमागून मालगाडी आली. सवयीने मी थांबलो. गाडी लांब होती. मुलांना वाटलं भाषण संपलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, हॉल रिकामा झाला.

प्राचार्य नंतर मला म्हणाले, "ढोबळे, क्या कंट्रोल्ड भाषण था!"

*

आता अश्विनी.

अश्विनी टेंभरे, फर्स्ट इयर, राहणार सेक्टर 2, प्लांटच्या क्वार्टरांत. आजोबा गोंदियाकडचे शेतकरी, वडील प्लांटमध्ये. दोनचा ऑटो सुटतो त्यात पुढून दुसरी जागा हिची. पहिल्याच दिवशी वर्गात सरांनी नाव विचारलं. हिने सांगितलं. सर म्हणाले, "ज़ोर से." हिने पुन्हा सांगितलं. "और ज़ोर से!" तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्यूट पे है." वर्ग हसला आणि नाव चिकटलं. म्यूट.

हे मला तिनेच सांगितलं, विसरलेली छत्री शोधायला आली तेव्हा. स्वतःची छत्री न्यायला आलेली ती या वर्षातली पहिली मुलगी, म्हणून मी खुर्ची दिली.

"काकाजी, इथं सगळे वरडून बोलतात. मी बोलली तं कोणाले आयकूच येत नाही."

"मले तं आलं."

"तुमी जवळ बसून राहिले." मग छत्रीची मूठ फिरवत म्हणाली, "हे सेमिस्टर झालं का मी गोंदियाले चालली मामाकडे. तिथल्या कॉलेजात. मामाच्या पोरी हायेत, एकटं नाही वाटणार."

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. केमिस्ट्रीत नापास झालेल्या मुलांसाठीही त्या चष्मा काढत नाहीत.

"समोसे खाऊन जाणारे चालतात मले," त्या म्हणाल्या, "हे असं जाणं नाही चालत."

*

मॅडमनी नवी योजना काढली. प्रत्येक सीनियरने दोन-तीन फर्स्ट इयरची मुलं सांभाळायची. अश्विनी टिकेश्वरीच्या वाट्याला आली.

पहिल्या दिवशी टिकेश्वरी तिला थांबवायला गेटपर्यंत धावली. ऑटो सुटत होता. अश्विनीमागोमाग टिकेश्वरीही चढली. "अरे नोनी, उतर ना, थोड़ा रुक जा!" म्हणत म्हणत सेक्टर 2 आलं. नोनी म्हणजे छत्तीसगढीत पोरगी.

क्वार्टरच्या दारात टिकेश्वरी म्हणाली, "नमस्ते आंटी!" आईने आधी तिच्या तोंडावर हात ठेवला, मग नमस्ते केलं. अश्विनीचे वडील नाइट शिफ्ट करून झोपले होते. त्या घरात दिवसा बेल बंद असते, कुकरची शिट्टी होण्याआधी चिमट्याने धरतात, आणि मीठ हवं असेल तर बोटं चोळून दाखवतात. टिकेश्वरीने जन्मात पहिल्यांदा तासभर तोंड बंद ठेवलं. वरण-भात, भाजी, वर शेवेचा लाडू. आईने कानात विचारलं, "रोज येशील?"

ती रोज जायला लागली! एकदा डबासुद्धा घेऊन आली. आम्हाला खुणेने दाखवलं, चटणी तिखट आहे.

मॅडम म्हणाल्या, "टिकेश्वरी, तुले तिले कॉलेजात आणायले सांगितलं होतं. तू तं तिच्या घरी ॲडमिशन घेतली!"

*

मॅडमचा स्वतःचा उपायही सांगून टाकतो. कबड्डीच्या मॅचला त्यांनी अश्विनीला आरोळ्या द्यायला पुढे उभं केलं. "पोटातून बोल, बाई. घाबरतं कावून?"

अश्विनीने श्वास घेतला, तोंड उघडलं, मान ताणली. मॅडमनी कानाला हात लावला. काही आलं नाही. शेजारच्या पिंपळावरचा कावळा मात्र ओरडला आणि आपला संघ एक गडी बाद करून आला.

मॅडम म्हणाल्या, "चांगला प्रयत्न होता."

अश्विनी हळूच म्हणाली, "कावळ्याले सांगा मॅडम."

हे मी ऐकलं, कारण जवळ उभा होतो. मॅडमनी ऐकलं नाही. ही मुलगी विनोदी आहे आणि ते कॉलेजात फक्त मला माहीत आहे, याचं मला दिवसभर वाईट वाटलं.

*

परीक्षेआधीचा शेवटचा कार्यक्रम कालच झाला. खेळ असा की एकाने चिठ्ठी वाचायची, तोंडातून शब्द न काढता हातवारे करायचे, आणि जोडीदाराने चिठ्ठीवरचं वाक्य सांगायचं. फर्स्ट इयर विरुद्ध थर्ड इयर. परीक्षक मॅडम, घरातल्या साध्या वाक्यांच्या चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिलेल्या.

फर्स्ट इयरकडून टिकेश्वरीने अश्विनीचं नाव दिलं. "मैडम, इसमें बोलना ही नहीं है, ये तो चलेगी!" जोडीदार सुमित. तो तिच्याच लाइनमध्ये चार क्वार्टर सोडून राहतो. कॉलेजात दोघं कधी बोलताना दिसले नव्हते.

थर्ड इयरची मुलं आधी आली. 'दूध उतू गेलं' दाखवायला एकाने गाय केली, शेपूट केली, ज्वालामुखी केला. वेळ संपली.

अश्विनी पुढे आली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्यूट!" तिने चिठ्ठी वाचली. हनुवटीला बोट लावलं, तळहात उपडा केला, दोनदा वर उचलला.

सुमित म्हणाला, "पाहुणे जेवूनच जाणार आहेत."

बरोबर!

दुसरी चिठ्ठी. कानाची पाळी धरली, मनगट फिरवलं. "बेल वाजवू नका, कडी वाजवा." बरोबर! तिसरी. "आजीला चष्मा सापडत नाही." तीही बरोबर, आणि तेवढ्या वेळात मॅडमचं घड्याळ सुरूसुद्धा झालं नव्हतं.

थर्ड इयर उभं राहिलं. "चीटिंग है! ये दोनों कोड में बात कर रहे हैं!"

मॅडमनी सुमितला विचारलं, "काय रे, हे काय चाललं?"

सुमित म्हणाला, "मैडम, हमारी लाइन में दिन भर किसी न किसी के पापा नाइट करके सोए रहते हैं. हम लोग बचपन से ऐसे ही बोलते हैं. क्रिकेट भी ऐसे ही खेलते हैं."

"आणि आउट झालं तं?"

सुमितने अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी वळली, एक गुडघा टेकला, दोन्ही हात वर केले, तोंड पूर्ण उघडलं आणि आवाज न काढता अपील केलं.

मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला, बोट ताठ. आउट. मग मागून आणखी एक. मग खिडकीजवळून चार-पाच. सेक्टरांतून येणारी सगळी मुलं, थर्ड इयरचीसुद्धा, बोटं वर करून बसली होती. कुणीही ओरडलं नाही. मगाशी मागून "म्यूट" म्हणणाऱ्याचंही बोट वर होतं.

अश्विनी गुडघ्यावरून उठायला विसरली. टिकेश्वरीने तिला हात दिला आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, जे मुळात गप्पच होते.

मग बाकीच्या जोड्या खेळल्या आणि शेवटी गुण बरोबरीत आले. थर्ड इयर म्हणालं, शेवटची चिठ्ठी अशी हवी जिची खूण यांच्या लाइनमध्ये नसेल. मॅडमनी मान्य केलं. कागद फाडला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि लिहिलं. मी शेजारी होतो, मला वाचता आलं. 'परीक्षा झाली की मी गोंदियाला जाणार आहे.'

अश्विनीने चिठ्ठी उघडली. वाचली. मॅडमकडे पाहिलं. मॅडम घड्याळ बघत राहिल्या.

तिने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली. मग सुमितकडे वळून हात हलवले. फार नाही, दोन-तीन खुणा.

सुमितने मान वाकडी केली. "फिर से?"

तिने पुन्हा केल्या. तशाच.

"टाइम!" थर्ड इयर ओरडलं.

सुमित मॅडमना म्हणाला, "मैडम, ये बोल रही है कि चिट्ठी में जो लिखा है, वो ग़लत है."

उत्तर चिठ्ठीशी जुळलं नाही. गुण थर्ड इयरला दिला. फर्स्ट इयर एका गुणाने हरलं.