गिरमिटवाली वर्ना

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या मिलर बागेतलं तळं गोठलं, की अख्खी वस्ती वर्ना झ्विकरच्या तोंडाकडे बघायची. बागखात्यात तिची एकोणतीस वर्षं झाली होती; उन्हाळ्यात फुलांचे वाफे, हिवाळ्यात बर्फ. खांद्याएवढं गिरमिट घेऊन ती तळ्यावर अठरा ठिकाणी भोकं पाडायची आणि पट्टी घालून जाडी मोजायची. सगळीकडे आठ इंच भरले तर हिरवा झेंडा, एक जरी जागा कमी पडली तर लाल. सुरुवातीला लोक हसले होते. आता हिरवा झेंडा दिसल्याशिवाय आया पोरांच्या पायात स्केट्स चढवत नसत.

त्या जानेवारीत मात्र तिचा धाकटा भाऊच आडवा आला. मर्विन दरवर्षी तळ्यावर हॉकीचे सामने भरवायचा. सामन्यांच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळीच, तो काठावर हजर.

“किती भरलं?”

“सतरा ठिकाणी साडेआठ. ओढ्याच्या तोंडाशी सहा.”

“मग तेवढा कोपरा दोरी लावून बंद करू की.”

“तिथं खालून पाणी वाहतंय. आज सहा आहे, उद्या शंभर माणसं नाचल्यावर किती राहील, मला सांगता येत नाही. आणि हॉकीची चकती दोरी बघून थांबते का? तिच्यामागे पोरं जाणारच.”

“केप ब्रेटनहून लोक निघालेत, वर्ना. त्यांना काय तोंड दाखवू?”

“माझं नाव सांग.”

“सांगणारच आहे. सख्ख्या बहिणीनं मोडता घातला म्हणून.”

“खुशाल सांग.”

तिने लाल झेंडा लावला. शनिवारी लख्ख ऊन पडलं आणि गळ्यात स्केट्स अडकवून माणसं काठावर जमली. वर्ना घरी बसली नाही. झेंड्याखाली उभी राहून विचारेल त्याला आकडा सांगत होती.

“चाळीस वर्षं खेळतोय इथं, कधी साधा तडा गेला नाही,” एक म्हातारा फणकारला.

“मग आणखी आठवडाभर थांबलात तरी जाणार नाही,” ती म्हणाली.

बर्फ टिकला असता की नाही, ते कुणालाच कळलं नाही. मर्विन त्या रात्री तिच्याकडे जेवायला आला नाही. आई गेल्यापासून त्याचा एकही शनिवार चुकला नव्हता. काकवीत शिजवलेल्या बीन्स तिला एकटीला तीन दिवस पुरल्या.

नंतर कडाक्याची थंडी पडली. पुढच्या शुक्रवारी ती भोकं पाडत असताना मर्विन आला आणि पट्टी उचलून ओढ्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला.

“साडेनऊ.”

“परत बघ.”

त्याने परत बघितलं. “साडेनऊच आहे, बाई.”

दुसऱ्या दिवशी, पुढे ढकललेल्या सामन्यांना सोळापैकी चौदा संघ आले. पहिल्या सामन्याआधी मर्विनने तिला बर्फाच्या मधोमध बोलावलं.

“ही माझी बहीण,” तो भोंग्यावरून म्हणाला. “मागच्या शनिवारी तुम्हाला घरी पाठवलं ते हिनंच. मी हिच्याशी भांडलो होतो. एकोणतीस वर्षांत या तळ्यात एकाचाही पाय ओला झालेला नाही. पहिली चकती हीच टाकणार.”

वर्नाने चकती टाकली आणि खेळाडूंच्या वाटेतून झटकन बाजूला झाली. टाळ्या थांबेनात, तेव्हा कुठं तिने मान वर करून काठाकडे बघितलं; बसलेली माणसंही उठून उभी राहिली होती.

घरी गेल्यावर तिने मंक्टनला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. एरवी तिला स्वतःबद्दल बोलायला जमत नसे.

“हजारभर माणसं होती गं,” ती म्हणाली. “सगळी माझ्यासाठी उभी राहिली.”