जू दिसतं, बैल न्हाईत!

डोळ्यांच्या दवाखान्यात बारा वर्षं कंपाउंडरकी केली की किस्से आठवावे लागत नाहीत, आपोआप तोंडाशी येतात. सोलापुरात आमच्या डॉक्टरसाहेबांकडे मोतीबिंदू आणि खुपऱ्यांची रोज रांग असायची. त्यातलं कुणी आज आठवत नाही. पण पिट्यूटरीच्या गाठीचे जे मोजके पेशंट आले, ते एकेक लख्ख आठवतात.

मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी ही ग्रंथी. तिच्या वरूनच दोन्ही डोळ्यांच्या नसा जातात. ग्रंथीत गाठ वाढली की नसा दबतात. मग समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. आणि खुद्द माणसाला ते कळतही नाही!

* * *

मोहोळचा एक गाडीवान आला. येतानाच दाराच्या चौकटीला खांदा आपटला, मग माझ्या टेबलाला मांडी. मला वाटलं, सकाळीच घेऊन आलाय! पण भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक चिन्हंही त्यानं बरोबर सांगितली.

"मग तक्रार काय तुझी?" साहेबांनी विचारलं.

"गाडीवर बसलो की जू दिसतं सायेब, बैल न्हाईत!"

मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला मुंबईला धाडलं. तिथं कवटी उघडून गाठ काढली. काही महिन्यांनी गडी स्वतः गाडी हाकत आला!

"काय रे, दिसतात का बैल?"

"दिसत्यात की! डावा लंगडतोय, त्ये बी आत्ताच कळलं!"

* * *

एक शाळामास्तर चष्म्याला आले, बायकोला घेऊन. साहेब त्यांच्या डोळ्यांऐवजी हातांकडेच बघत राहिले.

"मास्तर, बुटाचं माप बदललं का हो?"

"तुम्हाला कसं कळलं? तीनदा बदललं! बूट शिवणारा म्हणतो, तुमचा पायच वाढतोय. आता चाळिशीत पाय वाढतो होय?"

"वाढतो. डोक्यात गाठ झाली की हातपायही वाढतात," साहेब म्हणाले. "उद्या एखादा जुना फोटो घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोघं फोटो घेऊन आले. नाजूक नाकाचा, निमुळत्या हनुवटीचा तरुण. मी सहज विचारलं, "हे धाकटे बंधू का?"

"मीच तो," मास्तर म्हणाले.

बाईंनी फोटो माझ्या हातातून घेतला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. रोज समोर असलेला चेहरा इतका बदलला, हे त्यांना त्या क्षणी दिसलं.

* * *

बार्शीच्या कोर्टातल्या कारकुनानं पिशवीतून पाच चष्मे काढून टेबलावर मांडले. "एकानंही दिसत नाही. सहावा द्या."

साहेबांनी तपासलं आणि सांगितलं, "चष्म्याचा उपयोग नाही. आत गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर."

कारकून रागानं लाल! "चष्मा मागितला तर डोकं फोडायला निघालात!" पाचही चष्मे गोळा करून ताडकन निघून गेला.

वर्षानं भावानं हात धरून आणला, तेव्हा त्याला उजेडसुद्धा दिसत नव्हता. नाकावर कोरा करकरीत सहावा चष्मा होता!

* * *

एका सासूनं विधवा सुनेला दंडाला धरून आणलं. सूनबाईंची नजर कमी झाली होती. पण म्हातारीचा संताप वेगळाच होता. मुलाला जाऊन तीन वर्षं झालेली, आणि सुनेची पाळी बंद. वर अंगावर दूध येत होतं!

"डोळं कशाला बघताय डागदर? हिला हिरीत ढकलायची म्हनत्यात भावकीतली!"

पोरगी एकच वाक्य बोलली. "आत्याबाई, मी काय बी केलं न्हाय वो."

साहेबांनी सावकाश तपासलं. बाजूची नजर दोन्हीकडून गेलेली. एका नर्सबाईंना बोलावून पोटही तपासून घेतलं. मग ते म्हाताऱ्या बाईसमोर उभे राहिले. "हिच्या पोटात काही नाही. डोक्यात गाठ आहे, म्हणून पाळी गेली, म्हणून दूध आलं, म्हणून दिसत नाही. हिला हात लावाल तर मी स्वतः पोलिसात जाईन!"

म्हातारीचा हात दंडावरून सुटला. दंडावर चार बोटं उमटलेली. ती त्या वळांकडे बघत राहिली आणि पदर तोंडात कोंबून हमसून रडायला लागली. सुनेला मुंबईला घेऊन गेली ती तीच!

* * *

आता शेवटचा. साहेबांची बाजूची नजर तपासायची रीत साधी होती. पेशंटसमोर स्वतः बसायचे. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. मी बाजूनं पांढरा मणी लावलेली काडी हळूहळू पुढं आणायची. मणी दिसला की पेशंटनं सांगायचं. साहेबांना दिसतो तेव्हाच पेशंटलाही दिसला, म्हणजे त्याची नजर ठीक.

एक आजीबाई आल्या होत्या. सुईत दोरा ओवता येत नाही, एवढीच तक्रार. मी काडी पुढं आणली.

"आला की मनी!" आजीबाई म्हणाल्या.

"अजून नाही आला, आजी. अंदाजानं सांगू नका," साहेब म्हणाले.

मी दुसऱ्या बाजूनं काडी आणली.

"आला!"

"कुठं आलाय? थांबा जरा."

"आवं डागदर, ह्यो काय! ह्यो बगा की, तुमच्या कानाच्या म्होरं!"

साहेबांनी मान न हलवता मला विचारलं, "काडी कुठं आहे?"

"साहेब," मी म्हणालो, "मणी केव्हाचा पुढं आलाय."